ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकण्याआधी: अटी, धोके आणि खातं बंद पडलं तरी धंदा टिकवण्याची तयारी

१७ मार्च २०२० रोजी अ‍ॅमेझॉनने अमेरिका आणि युरोपातल्या विक्रेत्यांना कळवलं, की ५ एप्रिलपर्यंत गोदामांमध्ये घरगुती गरजेच्या वस्तू, वैद्यकीय साहित्य आणि मोठी मागणी असलेला असाच माल तेवढा नव्याने घेतला जाईल. साथीचा काळ होता आणि निर्णयामागे कारणही होतं. पण ज्यांचा माल या यादीत बसत नव्हता आणि ज्यांची सगळी विक्री त्याच गोदामांतून चालायची, त्यांना आत असलेला साठा संपल्यावर विकायला काही उरलं नाही. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. त्यांचं रेटिंग चांगलं होतं, ऑर्डरीही येत होत्या.

मार्केटप्लेसवरचं दुकान तुमच्या नावाचं दिसतं. पण जागा, गल्ला, गिऱ्हाइकाचा पत्ता आणि दुकान उघडण्याची किल्ली या चारही गोष्टी प्लॅटफॉर्मच्या हातात असतात. खातं बंद झालं की ते परत चालू करा अशी विनंती प्लॅटफॉर्मला लेखी करावी लागते, त्याला अपील म्हणतात. गेली काही वर्षं मी छोट्या विक्रेत्यांना अशी अपिलं लिहायला मदत करते. खातं बंद पडल्यावर झालेलं नुकसान बहुतेक वेळा कित्येक महिने आधीच ठरून गेलेलं असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खरेदीचं बिल नीट घेतलेलं नसतं, सगळा माल एकाच गोदामात असतो, सगळं भांडवल एकाच पेआउटवर, म्हणजे प्लॅटफॉर्मकडून बँकेत येणाऱ्या विक्रीच्या रकमेवर, टांगलेलं असतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत एक प्रश्न सोबत ठेवा: हे खातं उद्या सकाळी बंद झालं, तर माझं काय अडकेल?

पायरी १: करार उघडा आणि ठरावीक कलमं शोधा

खातं उघडताना आपण 'मान्य आहे' या चौकोनात खूण करून पुढे जातो. तो करार लांबलचक असतो आणि एका बैठकीत वाचून होत नाही. त्यामुळे प्रश्न हाताशी घेऊन वाचायला बसा. खातं थांबवायला कोणती कारणं पुरतात आणि आधी सूचना मिळते का? खातं थांबल्यावर तुमचे पैसे किती दिवस रोखून ठेवता येतात? फी आणि नियम बदलायचे असतील तर किती दिवस आधी सांगितलं जातं? तुम्ही काढलेले फोटो आणि लिहिलेलं वर्णन वापरण्याचा किती हक्क तुम्ही देऊन टाकता? वाद झाला तर तो कोणत्या देशाच्या कायद्याने, कोर्टात की लवादापुढे सोडवायचा?

फोटोंचं कलम बरेच जण सोडून देतात. अनेक करारांत तुम्ही प्लॅटफॉर्मला कायमचा आणि विनामोबदला वापर-परवाना देता. जिथे एकाच वस्तूचं एकच पान असतं आणि त्यावर अनेक विक्रेते असतात, तिथे तुम्ही खर्च करून काढलेल्या फोटोवर उद्या दुसराही विक्री करतो. तुम्ही तिथून बाहेर पडलात तरी फोटो तिथेच राहतो.

विक्रेता कुठला आहे यावरही संरक्षण अवलंबून असतं. युरोपीय संघात १२ जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९/११५० क्रमांकाच्या नियमाने तिथे स्थापन झालेल्या आणि तिथल्या ग्राहकांना विकणाऱ्या व्यावसायिकांना काही हक्क दिले. अटी बदलायच्या तर किमान १५ दिवस आधी सांगायचं. खातं कायमचं बंद करायचं तर, काही अपवाद सोडता, ३० दिवस आधी लेखी कारण द्यायचं. तक्रार ऐकणारी अंतर्गत यंत्रणाही ठेवायची. असा कायदा जिथे नाही, तिथे करारात जे लिहिलं आहे तेवढंच तुमच्या हाती राहतं.

करार वाचून झाला की त्याची पीडीएफ तारीख घालून स्वतःकडे साठवा. अटी बदलल्या की नवी प्रत साठवा. सहा महिन्यांनी वाद झाला, तर 'तेव्हा काय लिहिलं होतं' हे दाखवायला ती लागते.

पायरी २: आधी लिस्टिंग, मग खरेदी

नवीन विक्रेत्याची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी माल घेणं आणि मग तो विकायची परवानगी मागणं. क्रम उलटा ठेवा. पुरवठादाराला पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या पॅनलमध्ये त्या वस्तूची लिस्टिंग, म्हणजे विक्रीचं पान, तयार करून बघा. परवानगी लागते का, कोणती कागदपत्रं मागितली जातात, ब्रँडवर बंधन आहे का, हे तिथेच कळतं. या तपासणीला काही खर्च येत नाही, वेळही फार लागत नाही.

मालाचे ढोबळ तीन प्रकार पडतात. काही माल सरसकट बंदीचा असतो, तो यादीत दिसतो. काही मालाला आधी मंजुरी लागते, तेही कळतं. तिसरा प्रकार फसवा असतो. माल आज बिनदिक्कत लिस्ट होतो, विकला जातो, आणि अचानक एके दिवशी चाचणी-अहवाल, सुरक्षा-माहितीपत्रक किंवा खरेदीचं बिल मागितलं जातं. उत्तराला मुदत थोडी असते. मुलांची खेळणी, सौंदर्यप्रसाधनं, विजेवर चालणाऱ्या वस्तू आणि लिथियम बॅटरी असलेलं काहीही या प्रकारात मोडतं. लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतल्या ३८.३ या विभागाप्रमाणे चाचणी झालेली असावी लागते आणि तिचा सारांश मागितला की देता यावा लागतो. तो पुरवठादाराकडून खरेदीच्या वेळीच घ्या. माल संपल्यावर आणि पुरवठादाराने दुसरं मॉडेल बनवायला घेतल्यावर तो मिळणं फार अवघड जातं.

दुसऱ्या देशात विकत असाल तर तिथले नियम तुमच्या दारात येतात. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून उत्पादन-सुरक्षेचा नवा सर्वसाधारण नियम लागू झाला. त्याखाली येणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी संघाच्या आत एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते आणि तिचं नाव-पत्ता खरेदीदाराला दिसावा लागतो. तुम्ही जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिथल्या एका ग्राहकाला पार्सल पाठवत असलात, तरीही.

आता बिलांविषयी, कारण अपिलांमध्ये सर्वांत जास्त हात इथेच बांधलेले दिसतात. बिलावर पुरवठादाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि संपर्क हवा. तुमचं नाव आणि पत्ता विक्रेत्याच्या खात्यावर आहे तसाच, अक्षर न् अक्षर जुळणारा हवा. वस्तूचं नाव लिस्टिंगशी जुळायला हवं. बिलातले नग विकलेल्या नगांपेक्षा कमी नसावेत. किरकोळ दुकानाची पावती बहुतेक ठिकाणी पुरावा म्हणून चालत नाही. सेलमध्ये स्वस्तात उचललेला अस्सल माल पुन्हा विकणाऱ्यांना हीच अडचण येते: माल खरा असतो, पण तो खरा असल्याचं दाखवता येत नाही.

ब्रँडच्या मालाबाबत आणखी एक गोष्ट. एकदा कायदेशीरपणे विकला गेलेला अस्सल माल खरेदीदाराने पुढे विकायला अनेक देशांचा कायदा मुभा देतो. पण प्लॅटफॉर्मवरची तक्रार-यंत्रणा कोर्टासारखी चालत नाही. ईबे या मार्केटप्लेसवर हक्कधारकांसाठी 'व्हेरो' नावाची तक्रारींची व्यवस्था आहे, इतरांकडेही अशाच आहेत. तक्रार आली की लिस्टिंग आधी उतरते आणि तुमची बाजू नंतर ऐकली जाते. म्हणून ब्रँडच्या अधिकृत संकेतस्थळावरचे फोटो उचलू नका, स्वतः काढा. दुसऱ्याच्या यंत्राला बसणारा सुटा भाग विकत असाल तर शीर्षकात 'अमुक मॉडेलसाठी' असं स्पष्ट लिहा. माल त्या ब्रँडचाच आहे असं चुकूनही वाटता कामा नये.

माल सदोष निघून कोणाला इजा झाली, तर जबाबदारी प्लॅटफॉर्मची, असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये लॅपटॉपच्या बॅटरीच्या स्फोटाच्या खटल्यात अ‍ॅमेझॉनलाही जबाबदार धरता येईल असं म्हटलं. पण त्याने मूळ विक्रेता सुटत नाही. उत्पादन-दायित्वाचा विमा काही प्लॅटफॉर्म ठरावीक उलाढालीनंतर सक्तीचा करतात. अंगाला लागणारं, प्लगला जोडायचं किंवा मुलांच्या हातात जाणारं काही विकत असाल तर सक्तीची वाट न बघता तो काढा.

पायरी ३: शंभराच्या वस्तूचा खरा हिशोब

कमिशनचा आकडा बघून नफा काढणारे बरेच आहेत. कमिशन हा खर्चाचा एक भाग झाला. एट्सी या मार्केटप्लेसवर व्यवहार-शुल्क ६.५ टक्के आहे आणि ते पाठवणीच्या रकमेवरही लागतं. ईबेचं अंतिम शुल्क खरेदीदाराने भरलेल्या एकूण रकमेवर मोजलं जातं आणि त्यात पाठवणीही धरली जाते. गोदामाचं भाडं, जाहिरात आणि परत आलेल्या मालाची हाताळणी वेगळी.

एक उदाहरण मांडते. वस्तूची किंमत १०० धरा. कमिशन १५, पाठवणी १८, जाहिरात १०, पॅकिंग ३ आणि मालाची खरेदी ३५. बेरीज ८१, हातात १९. कागदावर चांगलं दिसतं.

आता १०० ऑर्डरींमध्ये ८ परत आल्या असं धरा. जमा १०,००० ऐवजी ९,२०० होते. पाठवणीचे १,८००, जाहिरातीचे १,००० आणि पॅकिंगचे ३०० आधीच खर्च झाले, ते परत येत नाहीत. परतीची वाहतूक १४४. उरलेल्या ९२ ऑर्डरींचं कमिशन १,३८०. परतावा दिल्यावर काही प्लॅटफॉर्म कमिशनचा काही भाग ठेवून घेतात, तो पाचवा हिस्सा धरला तर २४. परत आलेल्या ८ पैकी ४ नग पुन्हा विकण्याजोगे निघाले तर मालाचा खर्च ३,३६०. एकूण खर्च ८,००८. उरले १,१९२, म्हणजे ऑर्डरमागे १९ नव्हे, १२ च्याही खाली.

याच वस्तूवर १० टक्क्यांची सूट लावली, तर जमा ८,२८० आणि खर्च सुमारे ७,८६८. उरतात जेमतेम ४१२. दहा टक्के सवलतीने नफ्याचा दोन-तृतीयांश भाग गेला. प्लॅटफॉर्मच्या महासेलमध्ये भाग घेण्याचा आग्रह होतो, तेव्हा हा तक्ता आधी भरा आणि मग होकार द्या.

दर कायम राहतील असंही धरू नका. एट्सीचं हेच शुल्क २०१८ पर्यंत ३.५ टक्के होतं, मग ५ झालं आणि एप्रिल २०२२ मध्ये ६.५. त्या वेळी बऱ्याच विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून निषेध केला. पण दर तोच राहिला. तिथेच बाहेरच्या जाहिरातींचीही एक योजना आहे. १२ महिन्यांत १०,००० डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्या दुकानाला त्या जाहिराती नाकारता येतात. विक्री त्या आकड्यापुढे गेली की त्या सक्तीच्या होतात आणि जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरवर १२ टक्के द्यावे लागतात. वाढीबरोबर निवडीचा हक्क कमी होतो अशी कलमं शोधून तक्त्यात धरा. मी सुचवीन की किंमत ठरवतानाच कमिशन आजच्यापेक्षा दोन टक्के जास्त धरावं.

पायरी ४: रोख रकमेचं वेळापत्रक

ऑर्डर आली म्हणजे पैसे आले असं नाही. अ‍ॅमेझॉनवर बऱ्याच खात्यांसाठी माल पोचल्यानंतर आणखी ७ दिवस रक्कम राखून ठेवली जाते, आणि पेआउटचं चक्र साधारण १४ दिवसांचं असतं. पहिल्या तारखेला आलेली ऑर्डर पाचव्या दिवशी पोचली, तर रक्कम मोकळी व्हायला बारावा दिवस उजाडतो आणि बँकेत यायला महिनाही सरत येऊ शकतो. माल तुम्ही त्याच्याही दीड-दोन महिने आधी विकत घेतलेला असतो.

खातं थांबवलं गेलं तर शिल्लक रक्कम ९० दिवस किंवा त्याहून अधिक काळ रोखली जाऊ शकते. परतावे आणि कार्डावरचे वाद, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत परत मागितलेले पैसे, त्यातून भागवायचे असतात, हे त्यामागचं कारण. कार्डावरचा वाद बहुधा १२० दिवसांपर्यंत उठू शकतो, म्हणजे चार महिन्यांपूर्वीची विक्रीही पूर्ण झाली असं म्हणता येत नाही.

यासाठी करायच्या गोष्टी साध्या आहेत. प्लॅटफॉर्मवर शिल्लक साचू देऊ नका, काढता येईल तेव्हा काढा. पेआउटसाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि घरखर्च त्यातून करू नका. तीन महिने एकही पेआउट आलं नाही तरी भाडं, पगार आणि पुरवठादाराचा हप्ता देता येईल एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत मालाची मोठी ऑर्डर देऊ नका. वाढ थोडी मंद होईल, हे मान्य. पण उसन्या पैशाने भरलेलं गोदाम आणि रोखलेलं पेआउट एकाच वेळी वाट्याला आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना सावरायला वर्षं लागली.

पायरी ५: खात्याची तब्येत रोज बघा

प्रत्येक प्लॅटफॉर्म विक्रेत्याला काही आकड्यांवर मोजतो. अ‍ॅमेझॉनच्या मर्यादा बऱ्याच जणांना पाठ असतात: सदोष ऑर्डरींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत, उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत, पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या आत. सदोष म्हणजे वाईट अभिप्राय, ग्राहकाने मागितलेली हमीची भरपाई किंवा कार्डावरचा वाद.

या टक्केवारीत छोट्या विक्रेत्याचं गणित बिघडतं. सदोष ऑर्डरींचं प्रमाण ६० दिवसांच्या ऑर्डरींवर काढतात. माझ्या ओळखीच्या एकीने तेवढ्या काळात ४७ दिवे विकले. एक दिवा वाटेत फुटला आणि ग्राहकाने तक्रार नोंदवली. तिचं प्रमाण २.१ टक्के झालं. महिन्याला हजारो नग विकणाऱ्याला अशी एक तक्रार जाणवतही नाही. ऑर्डरी कमी असतील तर प्रत्येक पार्सलवर जास्त मेहनत घ्यावी लागते, याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही. नाजूक वस्तूचं पॅकिंग खांद्याच्या उंचीवरून पाडून बघा. ग्राहकाचा त्रासिक संदेश आला की त्याच दिवशी उत्तर द्या. तक्रार नोंदवली जाण्याआधी परतावा देणं छोट्या विक्रेत्याला बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

रद्द ऑर्डरींचं मूळ बहुधा साठ्याच्या आकड्यात असतं. दोन ठिकाणी विकत असाल आणि शेवटचा एक नग दोन्हीकडे दिसत असेल, तर कधीतरी तो दोनदा विकला जातो. प्रत्यक्ष साठ्यापेक्षा दोन-तीन नग कमी दाखवा. गावाला जाणार असाल तर सुट्टीची सोय चालू करा. पाठवणीची मुदत एक दिवसाची देण्याचा मोह टाळा. दोन दिवस लिहून एका दिवसात पाठवलंत तर कोणाची तक्रार नसते.

आणखी एक धोका नकळत ओढवतो. बऱ्याच ठिकाणी एका व्यक्तीला परवानगीशिवाय दोन खाती उघडता येत नाहीत, आणि प्लॅटफॉर्म संगणक, इंटरनेट-जोडणी, पत्ता, बँक खातं, फोन यांवरून खाती एकमेकांशी जोडून बघतो. पूर्वी बंद झालेल्या खात्याशी संबंध दिसला की तुमचंही थांबतं. भावाच्या लॅपटॉपवरून लॉगिन करणं, दहा जणांची खाती सांभाळणाऱ्या एजंटला स्वतःचा पासवर्ड देणं हे टाळा. मदतनीस हवा असेल तर त्याला मर्यादित हक्कांचं वेगळं लॉगिन द्या.

पायरी ६: फसवणूक आणि परतीचा माल

नवा माल मागवून जुना परत पाठवणं, रिकामं खोकं परत करणं, पार्सल मिळूनही न मिळाल्याचं सांगणं हे प्रकार घडतात. प्रामाणिक ग्राहक खूप जास्त असतात, पण तयारी दुसऱ्या गटासाठी करावी लागते. महाग वस्तूचा अनुक्रमांक नोंदवा आणि पॅकिंग करताना व्हिडिओ काढा. त्यात वस्तू, अनुक्रमांक, सीलबंद खोकं आणि पत्त्याचं लेबल एका सलग चित्रणात यायला हवं. काढल्याशिवाय वस्तू वापरता येणार नाही अशा जागी खुणेचं सील लावा. परत आलेलं खोकंही कॅमेऱ्यासमोरच उघडा. महाग मालाला सहीची पोच घ्या.

ऑर्डरवर दिलेल्या पत्त्याखेरीज दुसरीकडे पार्सल पाठवू नका, ग्राहकाने संदेशात कितीही विनवलं तरी. पत्ता बदलला की विक्रेत्याचं संरक्षण बहुतेक ठिकाणी संपतं. 'बाहेरून थेट पैसे देतो, थोडं कमी करा' याला नकार द्या. त्यात पैसे बुडण्याचा धोका आहेच, शिवाय फी चुकवण्याच्या नियमाखाली खातं जाऊ शकतं.

रिव्ह्यू विकत घेऊ नका. घरच्यांकडून लिहून घेऊ नका. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात भेट किंवा परतावा देऊ नका. पार्सलमध्ये तशी चिठ्ठी घालणंही यातच येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला, त्यात दंडाची तरतूद आहे. प्लॅटफॉर्म तर दंडाशिवायच खातं काढून घेतो, आणि या कारणावर परत मिळालेली खाती मी फार कमी पाहिली.

पायरी ७: तुमच्या पानावर दुसरा विक्रेता, आणि स्वतः प्लॅटफॉर्म

एखादी वस्तू चालायला लागली की ती सगळ्यांना दिसते. सामाईक पान असलेल्या ठिकाणी कोणीही तुमच्या लिस्टिंगला चिकटून स्वस्त, कधी बनावट मालही विकू शकतो. वाईट रिव्ह्यू मात्र त्याच पानावर पडतात. स्वतःचा माल बनवत असाल तर ट्रेडमार्कसाठी लवकर अर्ज करा, कारण ब्रँड-नोंदणीच्या सोयी त्याशिवाय मिळत नाहीत आणि ट्रेडमार्कला वेळ लागतो. वस्तूवर आणि खोक्यावर ब्रँडचं नाव कायमचं छापा. चिकटपट्टीवर भागवू नका. प्लॅटफॉर्मच्या गोदामात माल ठेवत असाल तर स्वतःचं वेगळं लेबल लावा, म्हणजे एकाच बारकोडचा दुसऱ्याचा माल तुमच्या नावावर जाणार नाही. संशय आल्यास एक नग स्वतः मागवा, फोटो काढा आणि तक्रारीला जोडा.

प्लॅटफॉर्म स्वतःही स्पर्धक असू शकतो. अ‍ॅमेझॉनच्या कर्मचाऱ्यांनी विक्रेत्यांची माहिती स्वतःच्या ब्रँडच्या वस्तू बनवण्यासाठी वापरल्याची बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने एप्रिल २०२० मध्ये दिली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅमेझॉनकडून बंधनकारक आश्वासनं घेतली: विक्रेत्यांची जाहीर नसलेली माहिती स्पर्धेसाठी वापरायची नाही आणि 'बाय बॉक्स'साठी, म्हणजे वस्तूच्या पानावरच्या 'आता खरेदी करा' बटणामागे कोणाचा माल असेल ते ठरवताना, सर्व विक्रेत्यांना समान वागणूक द्यायची.

किमतीचं बंधनही नीट समजून घ्या. 'दुसरीकडे याहून स्वस्त विकू नये' ही अट अ‍ॅमेझॉनने युरोपात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मागे घेतली. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि १७ राज्यांनी भरलेल्या खटल्यात आरोप आहे, की दुसरीकडे स्वस्त विकणाऱ्यांच्या वस्तू तिथे मागे ढकलल्या जातात. तुम्ही स्वतःच्या संकेतस्थळावर किंमत उतरवलीत आणि मार्केटप्लेसवरचं 'आता खरेदी करा' बटण तुमच्या वस्तूवरून गेलं, तर कारण इथे शोधा. किंमत सारखी ठेवून स्वतःच्या दुकानात वेगळा संच, जास्तीची हमी किंवा एखादा वेगळा रंग देणं हा त्यातला निभावणारा मार्ग आहे.

पायरी ८: दुसरं दार, खातं चालू असतानाच

मार्केटप्लेसवरच्या ग्राहकाचा पत्ता किंवा फोन स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरायला जवळजवळ सगळीकडे मनाई आहे. त्यामुळे 'खातं बंद झालं तर त्यांना कळवू' ही योजना चालत नाही. पण स्वतःचं डोमेन, साधं संकेतस्थळ आणि स्वतः होऊन नाव नोंदवणाऱ्यांची यादी तुम्हाला उभी करता येते. वस्तूवर ब्रँडचं नाव असेल तर लोक ते शोधतात. पार्सलमध्ये वापराची पुस्तिका घाला, पण बाहेर येऊन खरेदी करा असं त्यात लिहू नका.

एका ठिकाणाहून विक्रीचा ठरावीक वाट्यापेक्षा जास्त भाग येऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा स्वतः ठरवा. माझ्या मते ६० टक्क्यांपुढे गेलं की दुसऱ्या ठिकाणी मेहनत वाढवायची वेळ झाली. सगळा साठा प्लॅटफॉर्मच्या गोदामात ठेवू नका. निदान चार आठवड्यांचा माल स्वतःच्या ताब्यात हवा. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ऑर्डरींचा अहवाल, सेटलमेंट (पेआउटचा हिशोब), लिस्टिंगचा मजकूर, मूळ फोटो आणि रिव्ह्यूंची प्रत उतरवून ठेवा. खातं बंद झाल्यावर पॅनलच उघडत नाही, हे अनेकांना तेव्हाच कळतं.

पायरी ९: खातं थांबलंच तर

पहिल्या तासात अपील पाठवू नका. आधी संदेश खरा आहे का ते बघा. खातं बंद झाल्याच्या नावाने लिंक पाठवून पासवर्ड काढणारे खूप आहेत. लिंकवर न जाता नेहमीच्या मार्गाने पॅनल उघडा. खरं असेल तर कारण शब्दशः वाचा: आकडे घसरले, अस्सलपणाबद्दल तक्रार आली, कागदपत्रं जुळली नाहीत की दुसऱ्या खात्याशी संबंध दिसला? प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

नवं खातं उघडू नका, घरातल्या कुणाच्या नावावरही नाही. तो दुसरा आणि जास्त गंभीर नियमभंग ठरतो. चालू जाहिराती थांबवा. हातातल्या ऑर्डरी पाठवायची मुभा असेल तर वेळेत पाठवा. पुरवठादाराला फोन करा आणि पुढचा माल थांबवता येतो का विचारा. हा फोन लाजेपोटी पुढे ढकलला जातो आणि तेवढ्यात माल निघतो.

अपिलात तीन गोष्टी हव्या असतात. नेमकं काय बिघडलं, ते सुधारायला तुम्ही आधीच काय केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. एका पानात, ऑर्डर क्रमांक आणि तारखांसह लिहा. 'माझं घर यावर चालतं' हे खरं असतं आणि वाचून मलाही त्रास होतो, पण वाचणारा माणूस त्यावर निर्णय घेऊ शकत नाही. त्याच्यासमोर कारण आणि पुरावा यांची यादी असते. 'पॅकिंग सुधारू' ऐवजी 'अमुक तारखेपासून दुपदरी खोकं वापरतो, फोटो जोडला आहे' असं लिहा. चूक तुमची नसेल तर ती मान्य करू नका. बिलं, पोचपावत्या आणि ब्रँडचं पत्र जोडून तक्रार कशी चुकीची आहे ते दाखवा. बिलात एक अक्षरही बदलू नका. बदललेली बिलं ओळखली जातात आणि मग खातं सोडवणं जवळजवळ अशक्य होतं.

एकच अपील रोज पाठवल्याने प्रकरण लवकर सुटत नाही. नकार आला तर त्यात नवं काय मागितलं आहे ते वाचा आणि नवा पुरावा असेल तेव्हाच पुन्हा लिहा. बौद्धिक संपदेची तक्रार असेल तर तक्रारदाराला थेट, सभ्य पत्र लिहा. त्याने तक्रार मागे घेतली तर मार्ग बऱ्याचदा लवकर मोकळा होतो. अंतर्गत मार्ग संपले आणि रक्कम मोठी असेल, तर पायरी १ मध्ये शोधलेलं वादाचं कलम घेऊन वकिलाकडे जा.

गोदामातला माल परत मागवण्याची मुदत तपासा, कारण बंद खात्याच्या मालावरही भाडं चढत राहतं आणि मुदतीनंतर तो नष्ट केला जाऊ शकतो. माल हाती आला की नग मोजा आणि पाठवल्याच्या नोंदीशी ताडून बघा. कमी निघाले तर ठरलेल्या दिवसांत भरपाई मागा. चांगले नग वेगळे काढून त्याच आठवड्यात स्वतःच्या दुकानात आणि दुसऱ्या ठिकाणी लिस्ट करा. फोटो आणि मजकूर मागच्या पहिल्या तारखेला उतरवून ठेवलेला असेलच.